मुंबई-न्यूयॉर्क: अंतर तेवढंच, मग जाताना जास्त आणि येताना कमी वेळ का लागतो?

मुंबईहून न्यूयॉर्कला थेट फ्लाइटने किती तास लागतात असं नेटवर शोधून बघा, पहिल्याच पानावर तीन-चार वेगळी उत्तरं मिळतील. एक साइट १४ तास म्हणते, दुसरी साडेपंधरा, तिकिटावर सोळाच्या आसपास काहीतरी छापलेलं असतं, आणि नुकताच जाऊन आलेला मावसभाऊ सांगतो की जाताना बसून बसून कंबर धरली पण येताना बरंच लवकर आलो. मग घरात चर्चा सुरू, की यातलं खरं काय. तर सगळंच खरं आहे, फक्त प्रत्येक जण वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतोय. ज्यांची मुलं न्यू जर्सी-न्यूयॉर्कला आहेत आणि जे आई-बाबांना पहिल्यांदाच एकटं पाठवतायत त्यांच्यासाठी हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण विमान "लेट" आहे म्हणून घरी जी काळजी सुरू होते ती बऱ्याचदा विनाकारण असते, विमान आपल्या जागी अगदी व्यवस्थित चाललेलं असतं.

आधी अंतर बघू. मुंबई ते न्यूयॉर्कचा जेएफके एअरपोर्ट हे अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या थोडं वर आहे. आता हे "अंतर" म्हणजे नक्की कुठून कुठे मोजलेलं? भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मुंबई आणि न्यूयॉर्क जोडलं तर रेघ ओमान, सौदी, इजिप्त, मोरोक्को असं करत अटलांटिक ओलांडून जाते. दिसायला एकदम सरळ. पण त्या रेघेवरून, म्हणजे होकायंत्राची एकच दिशा धरून, खरंच गेलात तर साधारण १४,२०० किलोमीटर पडतात. पृथ्वी गोल आहे आणि नकाशा सपाट, त्यामुळे सपाट करताना वरचा भाग, म्हणजे युरोप, रशिया, ग्रीनलंड, फार ताणला जातो आणि तिकडचं अंतर आहे त्यापेक्षा खूप जास्त वाटतं.

घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या, एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ताणून धरा. दोरा आपोआप वर सरकतो, उत्तरेकडे. मी हिशोब करून बघितलं तर ही सगळ्यात जवळची वाट पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, मग कॅस्पियन आणि अरल समुद्राच्या मधून कझाकस्तान, पुढे जवळपास मॉस्कोच्या डोक्यावरून, फिनलंडमधे हेलसिंकीच्या जरा वरून, नॉर्वेच्या ट्रोंडहाइमजवळून, आइसलंडच्या रेक्याविकवरून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला घासून, कॅनडाच्या लाब्राडोरवर आणि तिथून खाली न्यूयॉर्क अशी जाते. मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना आइसलंड लागतं हे सांगितलं तर लोक विश्वास ठेवत नाहीत, पण दोरा खोटं बोलत नाही. याला ग्रेट सर्कल म्हणतात, मराठी पुस्तकात बृहद्‌वृत्त म्हणून शब्द मिळेल. गोलावरच्या कुठल्याही दोन ठिकाणांमधली सगळ्यात छोटी वाट ही अशीच असते, आणि अंतर दाखवणाऱ्या साइट्स हेच अंतर दाखवतात.

साइट्सच्या आकड्यात दहा-वीस किलोमीटरचा फरक दिसतो त्याचं कारणही साधं आहे. पृथ्वी पूर्ण गोल नाही, विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवाकडे ६,३५७, कोणी हा चपटेपणा धरून हिशोब करतं कोणी सरळ गोल धरून करतं. त्याहून मोठा गोंधळ एककांचा असतो. हेच अंतर किलोमीटरमधे साडेबारा हजार, साध्या मैलात सुमारे ७,८०० आणि नॉटिकल मैलात सुमारे ६,८०० दिसतं. पायलट लोक नॉटिकल मैल वापरतात, १ नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. त्यामुळे "इथे ६,८०० लिहिलंय तिथे ७,८००, नक्की कुठलं" असा प्रश्न पडला तर दोन्ही एकच आहेत.

आता वेळ. मोठी प्रवासी विमानं आवाजाच्या वेगाच्या साधारण ८४-८५ टक्के वेगाने उडतात. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर बाहेर उणे ५० च्या खाली तापमान असतं, तिथे आवाजाचा वेगही जमिनीपेक्षा कमी होतो, त्यामुळे विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास येतो. साडेबारा हजार भागिले नऊशे, झाले चौदा तासांच्या जरा आत. बहुतेक कॅल्क्युलेटर एवढंच करतात, अंतराला एका ठरलेल्या वेगाने भागतात आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर टाकतात. ते १४ तासांचं उत्तर इथून आलेलं असतं. हे उत्तर वारा नसलेल्या, सीमा नसलेल्या आणि रांगा नसलेल्या जगातलं आहे आणि तसं जग कुठे नाही.

त्यातला वारा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ते ९०० किलोमीटर म्हणजे विमानाचा आजूबाजूच्या हवेच्या तुलनेतला वेग. जमिनीवरून बघणाऱ्याला दिसतो तो वेग वेगळा. पूर आलेल्या नदीत पोहणाऱ्या माणसाचा विचार करा, हात तो तेवढेच मारतो पण प्रवाहाबरोबर पोहताना काठावरची झाडं भराभर मागे जातात आणि प्रवाहाविरुद्ध पोहताना तेच झाड किती वेळ बाजूलाच दिसत राहतं. विमान हवेत आहे आणि ती हवा स्वतः चाललेली आहे. पुढच्या सीटच्या मागे जो स्क्रीन असतो त्यावर नकाशा लावून बसा, तिथे ग्राउंड स्पीड म्हणून आकडा दिसतो. अमेरिकेकडे जाताना तो कधी ८००, कधी ७८० असा रेंगाळतो, परत येताना अटलांटिकवर तोच आकडा हजाराच्या वर जातो. इंजिनाचा आवाज तोच, विमान तेच, झोपलेल्या माणसाला फरकही कळत नाही.

हा वारा कुठून आला? विषुववृत्ताकडची हवा गरम, ध्रुवाकडची थंड, या फरकामुळे वरच्या थरातली हवा ध्रुवाकडे सरकायला बघते आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे ती सरळ न जाता वळते, त्यातून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वाऱ्याचे पट्टे तयार होतात. यांना जेट स्ट्रीम म्हणतात. काहीशे किलोमीटर रुंद, नागमोडी, आणि बरोबर ज्या उंचीवर विमानं उडतात त्याच उंचीवर. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर ही तिथली नेहमीची गोष्ट, हिवाळ्यात गरम-थंड यातला फरक वाढतो तेव्हा तीनशेच्याही वर जातो. जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून सोडून हे वारे मोजले होते, पण त्यांनी आपलं काम एस्पेरांतो या मुद्दाम तयार केलेल्या भाषेत छापलं, जगातल्या सगळ्यांना कळावं म्हणून, आणि ती भाषा वाचणारे इतके थोडे होते की बाहेर फारशी कोणी दखलच घेतली नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर जाणारी अमेरिकन बॉम्बर विमानं या वाऱ्यात सापडली तेव्हा कुठे सगळ्यांचं लक्ष गेलं. मला हे वाचून फार हळहळ वाटली होती, एवढी वर्षं मोजमाप लिहून तयार होतं.

वाऱ्याची ताकद बघायची तर ८-९ फेब्रुवारी २०२० ची रात्र घ्या. अटलांटिकवर सियारा वादळ होतं, जेट स्ट्रीम भयंकर जोरात, आणि ब्रिटिश एअरवेजचं ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी या प्रवासाला साडेसहा-सात तास लागतात. जमिनीवरून मोजलेला वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. मग विमानाने आवाजाचा वेग ओलांडला का? नाही, कारण ज्या हवेत ते उडत होतं ती हवाच मागून ढकलत होती, हवेच्या तुलनेत विमान नेहमीच्याच वेगात होतं.

इथे अनेकांच्या मनात एक हिशोब असतो, की जाताना वारा समोरून आला तर येताना मागून येईल, म्हणजे बरोबरी झाली. होत नाही बरोबरी. साडेबारा हजार किलोमीटर आणि वारा ताशी १०० चा धरू. जाताना वेग ८००, म्हणजे १५ तास ३७ मिनिटं. येताना वेग १,०००, म्हणजे साडेबारा तास. बेरीज २८ तास ७ मिनिटं, आणि वारा नसता तर २७ तास ४७ मिनिटं झाली असती. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं, म्हणून नुकसान जास्त वेळ होतं आणि फायदा कमी वेळ मिळतो. वारा नेहमी थोडं घेऊनच जातो.

आणि पृथ्वीच्या फिरण्याबद्दल. "पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग अमेरिकेला जाताना खालची जमीन आपल्याकडेच येत असेल ना, मग वेळ कमी लागायला पाहिजे" हा प्रश्न शाळेतली मुलं विचारतात आणि मोठी माणसं मनात ठेवतात. प्रश्न अगदी योग्य आहे. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी जवळपास १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे सरकतेय. पण मुंबईची हवाही त्याच वेगाने सरकतेय, रनवेवर उभं असलेलं विमानसुद्धा, त्यातले आपणसुद्धा. विमान वर गेलं म्हणून तो वेग गळून पडत नाही. तसा तो गळून पडत असता तर घरात उडी मारल्यावर आपण भिंतीवर आपटलो असतो. तेव्हा फिरण्याचा थेट फायदा-तोटा काही नाही, पण जेट स्ट्रीमला पूर्वेकडे वळवायचं काम मात्र ते फिरणंच करतं, त्यामुळे शेवटी वेळ बदलते ती आडवाटेने का होईना त्याच्यामुळेच.

फिरण्याचा एक परिणाम मात्र खिडकीतून सरळ दिसतो. डिसेंबरमधे मुंबईहून रात्री दोनला निघालात आणि न्यूयॉर्कला सकाळी सात-साडेसातला उतरलात तर जवळजवळ सगळा प्रवास अंधारातच होतो, सोळा तास रात्र. विमान पश्चिमेला पळतंय, मागून सूर्य येतोय आणि तो गाठेगाठेपर्यंत न्यूयॉर्क येतं. ज्येष्ठ माणसांना हे आधी सांगून ठेवावं, नाहीतर "अजून उजाडलं कसं नाही" म्हणून जीव घाबरा होतो.

वाऱ्यामुळे कधीकधी लांबची वाट लवकर पोचवते. याचं आपल्याकडचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे एअर इंडियाची दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को फ्लाइट. आधी ती युरोप-अटलांटिकवरून जायची, साधारण १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मधे त्यांनी उलटी दिशा धरली, पूर्वेकडे, चीन-जपान आणि पॅसिफिकवरून, साधारण १५,३०० किलोमीटर. म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त, आणि तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर. कारण आधी सगळा वेळ वारा तोंडावर होता आणि आता पाठीवर. परतीला पुन्हा पूर्वेकडेच, अमेरिका ओलांडून अटलांटिकवरून दिल्ली, म्हणजे जाऊन येणाऱ्या प्रवाशाची पृथ्वीप्रदक्षिणाच झाली. अंतर बघून वेळ ठरवणाऱ्या कुठल्याही कॅल्क्युलेटरला हे कधीच सांगता येणार नाही.

मुंबई-न्यूयॉर्कला अशी उलटी वाट परवडत नाही, पूर्वेकडून फारच लांब पडतं. तिथे खरा प्रश्न येतो तो आकाशातल्या सीमांचा.

वर जी दोऱ्याची वाट सांगितली, पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया, ती आज कोण वापरू शकतं? फेब्रुवारी २०१९ मधे बालाकोटनंतर पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं, २७ फेब्रुवारी ते १६ जुलै २०१९, साडेचार महिने. त्यात एकट्या एअर इंडियाचं २ जुलैपर्यंत ४९१ कोटींचं नुकसान झाल्याचं सरकारने राज्यसभेत सांगितलं होतं. त्याच वर्षी जूनमधे इराणने अमेरिकन ड्रोन पाडल्यावर अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सने नेवार्क (न्यूयॉर्कला लागून असलेलं न्यू जर्सीतलं एअरपोर्ट)-मुंबई फ्लाइट थांबवली. २०२२ मधे युक्रेन युद्ध सुरू झालं, अमेरिकन आणि युरोपियन कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं, युनायटेडची मुंबईची फ्लाइट पुन्हा थांबली. भारतीय कंपन्यांना रशिया उघडा राहिला. आणि मग २४ एप्रिल २०२५ ला, पहलगामनंतर, पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा आकाश बंद केलं आणि ती बंदी महिन्या-महिन्याने वाढवत नेली. दोन शहरं आहेत तिथेच आहेत पण वाट मात्र राजकारणाप्रमाणे बदलत राहते.

आता यात एक गोष्ट मला खूप विलक्षण वाटते आणि ती सहसा कोणी सांगत नाही. नुसतं अंतर बघितलं तर दिल्ली न्यूयॉर्कला मुंबईपेक्षा जवळ आहे, साधारण ११,७५० किलोमीटर, म्हणजे जवळपास ८०० किलोमीटर कमी. पण पाकिस्तान बंद असताना भारतीय विमानाला काय करावं लागतं, तर आधी खाली अरबी समुद्रावर यायचं, मग ओमानकडून वर. ढोबळ हिशोबासाठी वाट मस्कत आणि इस्तंबूलवरून धरू. मुंबईहून मस्कत, इस्तंबूल, न्यूयॉर्क असं मोजलं तर १३,००० च्या आसपास येतं, मूळ अंतरापेक्षा साडेचारशे किलोमीटर जास्त, म्हणजे अर्धा तास. दिल्लीहून मात्र आधी गुजरातपर्यंत खाली यायचं आणि मग तीच वाट, ते १३,६०० च्या आसपास जातं, म्हणजे मूळ अंतरापेक्षा १,८०० पेक्षा जास्त, दोन तासांचा फटका. म्हणजे पाकिस्तानचं आकाश बंद झालं की मुंबई न्यूयॉर्कला दिल्लीपेक्षा जवळ येते! म्हणूनच त्या काळात दिल्लीच्या काही अमेरिका फ्लाइट्सना मधे व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी उतरावं लागलं.

मुंबईला फटका कमी बसतो त्यात भूमितीची एक गंमत आहे. एवढ्या लांबच्या वाटेत मधे थोडं बाजूला वळलं तरी एकूण अंतर फार वाढत नाही. आइसलंड सोडून आयर्लंडवरून गेलात, मॉस्को सोडून इस्तंबूलवरून गेलात, नकाशावर ते प्रचंड वाटतं पण एकूण प्रवासात तीन-चार टक्के. दिल्लीचं दुखणं वेगळं, तिथे सुरुवातीलाच उलट्या दिशेने जावं लागतं.

आणि हे दोन तास नुसते कंटाळ्याचे नसतात, ते इंधनाचे असतात. या मार्गांवर चालणारं बोइंग ७७७-३०० ईआर घ्या. टाकीत १,८१,००० लिटर मावतं, म्हणजे जवळपास १४५ टन, आणि विमान जास्तीत जास्त ३५१ टन वजनाने उडू शकतं. म्हणजे टाकी पूर्ण भरली तर वजनाचे चाळीस टक्के नुसतं इंधन. आता हे इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं. एक तास वाढला तर नुसतं त्या एका तासाचं इंधन घेऊन भागत नाही, ते आधीचे पंधरा तास उचलून नेण्यासाठी लागणारं इंधनही वाढतं. शिवाय रिकाम्या टाकीने पोचायचं नसतं, न्यूयॉर्कला उतरता आलं नाही तर दुसऱ्या एअरपोर्टला जाण्याएवढं, वर अर्धा तास घिरट्या घालण्याएवढं, आणि वारा अंदाजापेक्षा वाईट निघाला तर त्यासाठी, असं सगळं राखीव घ्यावंच लागतं, नियमच आहे. वजनाची मर्यादा आली की सामान किंवा प्रवासी कमी करावे लागतात. लांबच्या फ्लाइटला कधी कधी काही सीट रिकाम्या ठेवल्या जातात त्यामागे हे गणित असतं.

मुंबईहून लांबच्या फ्लाइट्स मध्यरात्रीनंतर निघतात त्यालाही थोडा हातभार यातूनच लागतो. गरम हवा विरळ असते, पंखाला कमी उचलून धरते, आणि मे महिन्याच्या दुपारी एवढं जड विमान उचलणं रात्रीपेक्षा कठीण. बाकी कारणं तिकडे पोचायच्या वेळेची आणि पुढच्या कनेक्शनची. सुरुवातीला विमान इतकं जड असतं की ते एकदम ३६-३८ हजार फुटांवर जाऊ शकत नाही, तीस हजाराच्या आसपास थांबतं, इंधन जळून हलकं झालं की दोन-दोन हजार फूट वर सरकतं. अधूनमधून इंजिनाचा आवाज किंचित चढतो आणि विमान हलकेच नाक वर करतं, बहुतेक वेळा ते हेच.

मग ही वाट ठरवतं कोण? विमान निघायच्या काही तास आधी कंपनीच्या ऑफिसात डिस्पॅचर बसलेला असतो. त्या दिवशीच्या वाऱ्याचा अंदाज, कुठलं आकाश बंद, कुठे वादळ, विमानाचं वजन, आकाश वापरायचे कुठला देश किती पैसे घेतो, आणि दोनच इंजिनं असल्यामुळे वाटेत ठरलेल्या वेळेच्या आत पोचता येईल असा एअरपोर्ट सतत जवळ आहे की नाही, हे सगळं घालून सॉफ्टवेअर वाट काढतं आणि डिस्पॅचर आणि कॅप्टन दोघं ती मान्य करतात. जून २०२३ मधे दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमानाच्या एका इंजिनात बिघाड झाल्यावर ते रशियाच्या मगदानला उतरवलं गेलं, ते हा नियम असतो म्हणूनच शक्य झालं. तर सांगायचा मुद्दा, सोमवारची वाट आणि मंगळवारची वाट एकच असेल असं नाही. विमान आत्ता कुठे आहे ते नकाशावर दाखवणाऱ्या ट्रॅकरवर काल विमान रोमानियावरून गेलं आणि आज ग्रीसवरून चाललंय म्हणून घाबरायचं काही कारण नाही, वारा बदललाय.

आता तिकिटावरची वेळ. तिकिटावर जी वेळ असते ती हवेतली वेळ नाही. विमान गेटवरून मागे ढकललं जातं तेव्हापासून ते तिकडच्या गेटला लागून चाकाखाली ठोकळे लावले जातात तोपर्यंतची ती वेळ, तिला ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबईला दोन रनवे आहेत पण ते एकमेकांना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच नीट वापरता येतो आणि सगळी गर्दी त्याच्यावर. दार बंद झालं, विमान मागे गेलं, इंजिनं सुरू झाली, मग रनवेकडे हळूहळू जमिनीवरून चालणं (याला टॅक्सी म्हणतात), मग रांग, पुढे पाच-सहा विमानांचे शेपटीचे दिवे, एक उतरतंय, एक उडतंय, आणि तुमचा नंबर येईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं सहज गेलेली असतात. जेएफकेला संध्याकाळच्या गर्दीत याहून जास्तही लागतात. ही सगळी मिनिटं तिकिटाच्या वेळेत आधीच धरलेली असतात, वर थोडी जास्तीचीही धरतात, म्हणून अर्धा तास उशिरा उडालेलं विमान पुष्कळदा वेळेत पोचतं. कंपन्या उन्हाळी आणि हिवाळी अशी दोन वेळापत्रकं काढतात, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलणारी, आणि त्याच फ्लाइटची वेळ दोन्हीत वेगळी असते कारण हिवाळ्यात समोरचा वारा जास्त.

घड्याळाचा गोंधळ हा शेवटचा, पण सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. समजा जुलैमधे मुंबईहून रात्री १:३० ला निघालं आणि त्याच तारखेला सकाळी ८:०० ला न्यूयॉर्कला पोचलं असं तिकिटावर आहे. साडेसहा तास? नाही. तिकडची घड्याळं उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतात. सकाळचे आठ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच, म्हणजे सोळा तास. परतीला दुपारी १२ ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला मुंबई, दिसतात चोवीस तास, पण साडेनऊ वजा करा, साडेचौदा. दोन्ही वेळा आधी भारतीय वेळेत लिहून काढायच्या आणि मग वजाबाकी करायची, एवढं केलं की चूक होत नाही. हिवाळ्यात मात्र फरक साडेदहा तासांचा होतो, कारण अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. आपण काही करत नाही. त्या आठवड्यात कोणी येणार-जाणार असेल तर वेळ पुन्हा एकदा तपासा.

कोणाला आणायला जायचं असेल तर तिकिटावरची वेळ बाजूला ठेवून त्या दिवशीचा ट्रॅकर बघा, आणि गेल्या आठवड्यात तीच फ्लाइट रोज किती वेळात आली तेही बघा, ते आकडे कुठल्याही कॅल्क्युलेटरपेक्षा खरे. उतरल्यावर गेटपर्यंत यायला पंधरा-वीस मिनिटं, मग इमिग्रेशन, मग बॅगा, बाहेर यायला तास धरा, सोबत व्हीलचेअर असेल तर थोडं जास्त. न्यूयॉर्कहून येणारं विमान ओमानच्या बाजूने येत असेल तर मस्कत ते मुंबई साधारण १,६०० किलोमीटर आहे, म्हणजे विमान मस्कतजवळ दिसलं की उतरायला अजून दोन तासांच्या आत-बाहेर. पुण्याहून गाडी घेऊन निघणाऱ्यांनी तेव्हा निघालं तर एक्सप्रेस वेवर ट्रॅफिक नसेल तर बरोबर वेळेत पोचता येतं, उगाच चार तास आधी जाऊन पार्किंगमधे ताटकळत बसावं लागत नाही.